फॉलमध्ये लॉनला बी टाकताना: न्यू जर्सी आणि आसपासच्या मराठी घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात घर घेतलं आणि घराबरोबर लॉनही पदरात पडलं, अशा मंडळींसाठी हे पान आहे. ओहायो, मिशिगन, शिकागोकडच्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल, फक्त तारखा थोड्या अलीकडे घ्याव्या लागतील. टेक्सास-फ्लोरिडावाल्यांनी आधी तिसरा प्रश्न वाचावा, म्हणजे पुढचं वाचण्याचे कष्ट वाचतील.

बी फॉलमध्येच का टाकायचं? स्प्रिंगमध्ये तर सगळीकडे हिरवं होत असतं.

दुकानदार एप्रिलमध्ये बियांची पोती दाराशी रचतात, कारण चार महिने बर्फ बघून कंटाळलेला माणूस तेव्हा काहीही विकत घेतो. गवताचं गणित वेगळं आहे. आपल्या भागात लावतात ती गवतं थंड हवेची. हवा ६० ते ७५ फॅरनहाइटच्या दरम्यान असली की ती जोमात असतात. सप्टेंबरमध्ये हवा उतरलेली असते, पण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. त्यामुळे बी लवकर रुजतं आणि पुढचे दोन-अडीच महिने रोपाला मुळं धरायला निवांत मिळतात. वर थंडी पडून पात्याची वाढ मंदावली तरी जमीन गोठेपर्यंत मुळांचं काम चालू राहतं.

एप्रिलमध्ये नेमकं उलटं होतं. हवा छान वाटते, पण माती गार असते. बी उशिरा उगवतं आणि त्याच सुमाराला क्रॅबग्रासही डोकं वर काढतं. त्यातून जगलेलं रोप जुलैच्या उन्हात सापडतं तेव्हा त्याची मुळं जेमतेम बोटभर असतात. सप्टेंबरच्या रोपाला ही स्पर्धा नसते. क्रॅबग्रास एक हंगामी तण आहे, पहिल्यांदा दव गोठलं की ते आपोआप मरतं.

स्प्रिंगमध्ये टाकलेलं बी उगवतच नाही असं नाही. उगवतं, आणि मेअखेरीस फोटोही छान येतात. ऑगस्टमध्ये मात्र त्याच जागी पुन्हा माती दिसते.

नेमकी तारीख काय धरायची?

न्यू जर्सीत साधारण १५ ऑगस्ट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. त्यातही ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते २० सप्टेंबर हा काळ सगळ्यात चांगला. पहिल्यांदा दव गोठायच्या आधी रोपाला निदान ४५ दिवस मिळायला हवेत, असा अंदाज धरला की आपल्या गावाची तारीख आपल्यालाच काढता येते. ससेक्स काउंटीच्या डोंगराळ भागात घाई करा, केप मेकडे थोडं रेंगाळलं तरी चालतं. मिनेसोटात सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आटपलेलं बरं, तर व्हर्जिनियात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळ असतो.

आपल्या लोकांत ‘गणपती बसले की बी टाकायचं’ असा एक सोपा हिशेब चालतो. बहुतेक वर्षी तो जमतोही. पण गवताला पंचांग कळत नाही. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, तेव्हा हा हिशेब चपखल बसला. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे, आणि विसर्जन, पाहुणे, महाप्रसाद उरकून मग बी टाकू म्हटलं तर सप्टेंबर संपतो. अशा वर्षी बी आधी, गणपती नंतर.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. हेच वेळापत्रक चालेल का?

नाही. तिकडे बर्म्युडा, झोयझिया, सेंट ऑगस्टीन अशी उष्ण हवेची गवतं असतात. ती उन्हाळ्यात वाढतात आणि थंडीत पिवळी पडून झोपतात. बर्म्युडाचं बी टाकायचं ते वसंताच्या अखेरीस ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, माती चांगली तापल्यावर. सेंट ऑगस्टीन तर बियांपासून सहसा लावतच नाहीत, त्याचे तयार गालिचे किंवा तुकडे लावतात. फॉलमध्ये तिकडे लोक रायग्रासचं बी टाकतात ते फक्त हिवाळ्यापुरत्या हिरवाईसाठी.

कोणतं बी घ्यायचं?

आपल्या भागात खरी निवड चार गवतांतून होते.

टॉल फेस्क्यू: मुळं खोल जातात, उन्हाळा सोसतं, पाणी कमी लागतं. पात थोडं रुंद, पण नव्या जाती पूर्वीसारख्या राठ नसतात. न्यू जर्सीत उन्हातल्या साध्या घरगुती लॉनला डोळे मिटून घ्यावं असं हेच. खोट एकच. ते झुबक्यात वाढतं, बाजूला फारसं पसरत नाही, त्यामुळे कुठे टक्कल पडलं तर आपणच पुन्हा बी टाकायचं.

केंटकी ब्लूग्रास: दिसायला सगळ्यात देखणं, मऊ, निळसर हिरवं. जमिनीखालून धुमारे सोडून स्वतःच भोकं बुजवतं. पण उगवायला कधी कधी महिनाही लावतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तोडलं की तांबूस पडून झोपतं. नाव केंटकीचं असलं तरी हे गवत युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत आलं.

पेरेनियल रायग्रास: सगळ्यात लवकर उगवतं, म्हणून मिश्रणात थोडं असावं. सगळंच रायग्रास टाकू नये. दमट उन्हाळ्यात त्याला रोग पटकन लागतात.

फाइन फेस्क्यू: केसासारखं बारीक पात, सावलीत तग धरणारं, खत-पाणी कमी मागणारं. सतत तुडवलेलं त्याला सोसत नाही.

या गवतांच्या सुधारित जातींच्या इतिहासात आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांनी लॉनच्या गवताच्या पैदाशीचं काम सुरू केलं आणि १९६७ मध्ये ‘मॅनहॅटन’ नावाचं पेरेनियल रायग्रास बाहेर काढलं. त्याची मूळ रोपं न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून गोळा केलेली होती. तोवर रायग्रास म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं गवत समजलं जाई. आज दुकानातल्या पिशवीतलं बी बहुधा ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात पिकलेलं असतं, पण त्यातल्या कितीतरी जातींचं मूळ न्यू ब्रन्सविकच्या आसपासच्या प्रयोगशेतात सापडेल.

पिशवीवर सगळेच ‘प्रीमियम’ लिहितात. ओळखायचं कसं?

पिशवीची दर्शनी बाजू विसरा. मागे किंवा तळाशी एक छोटी पांढरी चौकट असते, कायद्याने छापावीच लागते. चष्मा लावून ती वाचा.

प्रत्येक जातीचं नाव आणि वजनातली टक्केवारी तिथे असते, शेजारी उगवणक्षमता. ती ८५च्या वर असावी. ब्लूग्रासला ८० चालेल. खाली ‘तणांच्या बिया’ हा आकडा शून्य किंवा ०.०-काहीतरी असावा. ‘इतर पीक’ हा आकडा लोक सोडून देतात, पण सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. इतर पीक म्हणजे शेतात चांगली आणि लॉनमध्ये नकोशी अशी गवतं, आणि ती एकदा शिरली की निवडक औषधाने मरत नाहीत. म्हणून हाही आकडा शून्याजवळ हवा. ‘अक्रिय घटक’ ५० टक्के दिसला तर घाबरू नका, तुम्ही लेप दिलेलं बी हातात धरलं आहे. निम्मं वजन लेपाचं असल्याने २० पौंडांच्या पिशवीत बी १० पौंडच आहे, आणि भाव त्या हिशेबाने बघायचा. शेवटी चाचणीची तारीख बघा. गेल्या वर्षीचा उरलेला माल सेलमध्ये निघतो तो इथेच पकडता येतो.

यादीत ‘ॲन्युअल रायग्रास’ मोठ्या टक्क्याने दिसलं तर पिशवी परत ठेवा. आठवड्यात हिरवंगार होतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मरून जातं. नवं घर ताब्यात देताना बिल्डर लोक बहुधा असंच काहीतरी टाकतात.

किती बी लागेल?

इथे सगळे हिशेब १,००० चौरस फुटांना असतात. आपल्या सवयीने बघायचं तर एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा इथलं ‘हजार फुटांना अमुक पौंड’ म्हणजे जवळजवळ गुंठ्याला तितकंच. पाव एकराचा प्लॉट म्हणजे दहा गुंठे. त्यातून घर, ड्राइव्हवे, डेक, झाडांखालचे वाफे वजा केले की लॉन साधारण सहा हजार फूट उरतं.

उघड्या मातीवर नव्याने करायचं असेल तर हजार फुटांना टॉल फेस्क्यू ६ ते ८ पौंड, रायग्रासही जवळपास तेवढंच, फाइन फेस्क्यू ४ ते ५, केंटकी ब्लूग्रास मात्र २ ते ३. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक असतं की पौंडात वीस लाखांच्या आसपास दाणे मावतात, टॉल फेस्क्यूचे सव्वादोन लाखांच्या घरात. आहे त्या गवतात भर घालायची असेल तर निम्म्याने. म्हणजे वरच्या सहा हजार फुटांना फेस्क्यूचं २० ते २५ पौंड बी पुष्कळ झालं.

‘थोडं जास्तच टाकू, पक्षी खातील’ हा विचार नको. दाट आलेली रोपं एकमेकांची हवा अडवतात, बुरशी येते आणि एका रात्रीत हातभर पट्टा आडवा होतो.

आहे त्या गवतावर नुसतं बी भुरभुरवलं तर?

पैसे गेले असं समजा. लॉनला बी टाकण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे आणि नव्वद टक्के तक्रारी इथेच सुरू होतात. बी मातीला टेकलं पाहिजे. जुन्या गवतावर, वाळलेल्या काडीकचऱ्यावर लटकलेलं बी ओलं होतं, फुगतं, कोंब काढतं आणि दुपारी वाळून मरतं. बियाण्याच्या भावावरून घासाघीस करणारी माणसं ही पायरी सोडून देतात याचं नवल वाटतं.

आधी मॉवरची पातळी उतरवून गवत दीड-दोन इंचांवर आणा आणि कापलेलं सगळं गोळा करा. मग साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन ओल्या जमिनीत खुपसून बघा. हाताच्या जोराने चार-पाच इंच गेला तर माती ठीक आहे. दोन इंचांवर अडला तर माती दबलेली आहे आणि एअरेटर लागणार. खिळ्यांचे बूट विकत मिळतात त्यांच्या नादी लागू नका, ते माती आणखी दाबतात. मातीच्या कांड्या उपसून बाहेर काढणारं यंत्रच हवं. ते फिरवल्यावर लॉनभर बोटाच्या जाडीच्या, दोन-तीन इंच लांब मातीच्या कांड्या पडतात. एखादी हातात घेऊन मोडून बघा. वर काळपट, मुळांचं जाळं असलेली माती आणि लगेच खाली तांबडी चिकणमाती दिसली, तर तुमचं गवत दर जुलैला का मरतं याचं उत्तर मिळालं. कांड्या उचलायच्या नाहीत, पावसाने आपोआप विरघळतात.

गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्यांचा थर अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर तो दाताळ्याने किंवा यंत्राने ओरबाडून काढा.

मग बी. अर्धं बी उभ्या फेऱ्यांत, अर्धं आडव्या फेऱ्यांत टाका, म्हणजे पट्टे राहत नाहीत. नंतर दाताळं उलटं धरून हलकेच फिरवा. पाव इंचाच्या खाली बी जाता कामा नये. शेवटी त्यावरून चाला, किंवा पाण्याचा रोलर मिळाला तर फिरवा. उघड्या मातीवर वरून कंपोस्ट किंवा पीट मॉसचा पातळ थर द्या, किंवा गव्हाचं काड पसरा, इतकंच की मधून माती दिसत राहील. काड आणि चाऱ्याचं वाळलेलं गवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चाऱ्याच्या गवतात तणाचं बी भरपूर असतं.

यंत्र भाड्याने आणावं की माणूस बोलवावा?

एअरेटर दोनशे पौंडांच्या वर असतो, मिनीव्हॅनमध्ये एकट्याने चढत नाही आणि उतारावर माणसाला ओढत नेतो. शेजारच्या तीन घरांनी मिळून एका शनिवारी आणला तर परवडतो. चालवण्याआधी स्प्रिंक्लरच्या प्रत्येक तोंडापाशी छोटा झेंडा रोवा. वरवर गेलेली केबल असण्याची शक्यता असेल तर काही दिवस आधी ८११ वर फोन करा, जमिनीखालच्या सार्वजनिक वाहिन्या फुकट खुणा करून देतात. स्प्रिंक्लर आणि कुत्र्याला अंगणात रोखायला पुरलेली तार खासगी असतात, त्या तुमच्या तुम्हीच शोधायच्या.

माणूस बोलवायचा तर तीन गोष्टी विचारा: कुठलं बी टाकणार, त्याची पांढरी चौकट दाखवाल का, आणि यंत्र किती फेऱ्या फिरवणार. ‘आमचं स्पेशल मिक्स आहे’ एवढंच उत्तर आलं तर बी आपलं आपण आणून द्यावं. एका फेरीने होत नाही, दोन दिशांनी दोन फेऱ्या हव्यात.

मातीची तपासणी खरंच करावी लागते?

हो, आणि ती सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. रटगर्सची माती प्रयोगशाळा आहे, पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटची. दहा-बारा ठिकाणची चार इंच खोलीपर्यंतची माती बादलीत एकत्र करून त्यातली थोडी पाठवायची. पीएच ६ ते ७ च्या दरम्यान हवा. आपल्याकडची माती बहुधा आम्लाकडे झुकते, मग चुना लागतो. किती लागतो ते अहवालात पौंडांत लिहून येतं. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही चुना टाकायचा, हे काही खरं नाही.

खत कोणतं आणि केव्हा?

बी टाकताना ‘स्टार्टर’ खत देतात, त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं. इथे कायदा मध्ये येतो. न्यू जर्सीत २०११च्या खत कायद्यानुसार लॉनला स्फुरद घालायला बंदी आहे. माती तपासणीत कमतरता दिसली, किंवा नवं लॉन करत असाल वा पुन्हा बी टाकत असाल, तर सूट आहे. नत्राची (नायट्रोजनची) कमाल मात्रा हजार फुटांना एका वेळी ०.९ पौंड, त्यातलं पाण्यात लगेच विरघळणारं ०.७ पौंडापर्यंत. घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला मनाई आहे. न्यू यॉर्क राज्यात ही बंदी १ डिसेंबर ते १ एप्रिल असते. हे नियम खाड्या-तळ्यांत शेवाळ माजू नये म्हणून आहेत. ड्राइव्हवेवर सांडलेले दाणे झाडून परत लॉनवर टाका, नाहीतर ते पावसाबरोबर सरळ गटारात जातात.

बी उगवून चार ते सहा आठवडे झाले की नत्राचा एक हलका हात द्या. फॉलचं खत लॉनला सगळ्यात जास्त लागतं. वर्षातून एकदाच खत टाकायचं असेल तर ते याच दिवसांत टाका.

पाणी किती वेळा?

उगवेपर्यंत वरचा अर्धा इंच सतत ओलसर. थारोळं नको, चिखल नको. त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी पाच-दहा मिनिटं. फुगलेलं बी एकदा वाळलं की मेलं, त्याला दुसरी संधी नसते. ऑफिसला जाणाऱ्यांनी नळाला लावायचा साधा टायमर घ्यावा. बियांच्या एका पिशवीपेक्षा स्वस्त पडतो. सकाळी सात, दुपारी बारा, चार अशा वेळा लावून टाका. रात्रीचं पाणी टाळा, पात रात्रभर ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण.

उगवून आलं की पद्धत बदलते आणि इथे पुष्कळ जण चुकतात. फेऱ्या कमी करा, वेळ वाढवा. आधी दिवसातून एकदा, मग दिवसाआड, आणि तीन-चार वेळा कापून झाल्यावर आठवड्याला एकूण एक इंच, पाऊस धरून. ट्यूनाचा रिकामा डबा लॉनवर ठेवला की एक इंच व्हायला किती वेळ लागतो ते कळतं. रोज थोडं थोडं पाणी मिळालेलं मूळ वरच राहतं आणि पुढच्या जुलैला पहिल्याच उन्हात मान टाकतं.

पाण्याची सोय नसेल, किंवा नेमका त्याच तीन आठवड्यांत भारतात जायचा बेत असेल, तर यंदा बी टाकू नका.

दहा दिवस झाले, काहीच दिसत नाही.

रायग्रास पाच ते दहा दिवसांत दिसतं, फेस्क्यू एक ते दोन आठवड्यांत, ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. मिश्रण असेल तर आधी तुरळक हिरव्या सुया दिसतात, त्या रायग्रासच्या. उभं राहून बघितलं तर कळत नाही. सकाळी दव असताना गुडघ्यावर बसा आणि जमिनीला डोळे समांतर ठेवून उजेडाकडे बघा. प्रत्येक सुईच्या टोकावर एकेक थेंब चमकत असतो, त्यावरून दाटी लगेच समजते. रायग्रास आलं म्हणून पाणी बंद केलं तर ब्लूग्रास मातीतच राहतं.

पहिल्यांदा कधी कापायचं?

उंची साडेतीन इंचांवर गेली की तीन इंचांपर्यंत. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. जमीन कोरडी असावी आणि मॉवरचं पातं धारदार, नाहीतर रोप कापलं न जाता उपटलं जातं.

क्रॅबग्रासचं औषध टाकलं आहे. आता बी चालेल?

औषधावर अवलंबून. स्प्रिंगमध्ये तण उगवू नये म्हणून टाकतात ती प्रोडायमीन, डायथायोपायर, पेंडिमेथालिन ही औषधं तणाचं बी आणि तुमचं बी यांत फरक करत नाहीत. एप्रिलमध्ये टाकली असतील तर सप्टेंबरपर्यंत बहुधा जोर ओसरतो, तरी लेबलवर बी टाकण्याआधी किती महिने थांबायचं ते लिहिलेलं असतं ते बघा. जूनमध्ये दुसरा हात दिला असेल तर जास्तच जपून. मेसोट्रायोन बी टाकताना चालतं, पण फाइन फेस्क्यूचं बी असेल तर नाही. नव्या गवतावर रुंद पानांच्या तणाचं औषध तीन-चार कापण्या झाल्याशिवाय मारू नका. ‘तणनाशक आणि खत एकत्र’ अशी पिशवी बियांबरोबर कधीच नको.

गवताचा तुकडा चटईसारखा उचलून येतोय. खाली पांढऱ्या अळ्या आहेत.

ही हुमणीच. उसाच्या पट्ट्यातून आलेल्यांना ओळख करून द्यायला नको, भुंगा वेगळा पण कामाची पद्धत तीच. इथली अळी बहुधा जपानी भुंग्याची असते, जो अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ मध्ये आपल्याच राज्यात, रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत सापडला. जुलैत अंडी, ऑगस्टपासून अळ्या मुळं कुरतडतात. पाठोपाठ स्कंक आणि रॅकून रात्री लॉन उकरतात. चौरस फुटाचा तुकडा उचलून मोजा. आठ-दहाच्या वर अळ्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. दोन-चार असतील तर गवत सोसतं.

मेपलच्या झाडाखाली दर वर्षी बी टाकतो, दर वर्षी जातं.

चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर कुठलंच गवत टिकत नाही. शिवाय मेपलची मुळं वरच असतात, पाणी आधी झाडच पितं. खालच्या फांद्या उतरवून फाइन फेस्क्यूचा एक प्रयत्न करा. नाही जमलं तर तिथे लाकडाच्या ढलप्या टाका आणि सावलीत वाढणारा हॉस्टा लावा.

पानगळ सुरू झाली. कोवळ्या गवतावर पानं पडताहेत.

ओली पानं चिकटून बसली की दोन-तीन दिवसांत खालचं रोप पिवळं पडतं. ब्लोअर कमी जोरावर ठेवून उडवा, दाताळं ओढू नका. रोपं तीन-चार वेळा कापून झाली असतील तर मॉवरनेच पानांचा भुगा करून तिथेच राहू दिला तरी चालतं, थर जाड नसेल तर.

ऑक्टोबर संपला. आता?

आता टाकलेलं बी उगवेल आणि थंडीत मरेल, ते नको. त्यापेक्षा थांबा. जमीन ४० फॅरनहाइटच्या खाली गेली, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीनंतर, बी टाकता येतं. ते हिवाळाभर झोपून राहतं, गोठण्या-वितळण्याने मातीत ओढलं जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये उगवतं. उताराला हे करू नये, पाण्याबरोबर सगळं खाली जातं. सप्टेंबरच्या पेरणीइतकं ते यशस्वी होत नाही, पण मेमधल्या पेरणीपेक्षा बरं.

हे बी पुण्याच्या बंगल्यासाठी नेता येईल का?

नेऊ नका. भारतात बियाणं आणायला २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. आणि नेलंत तरी केंटकी ब्लूग्रास पुण्याचा एप्रिल बघणार नाही. तिकडे पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेतून लॉनचे ठोंब किंवा गालिचे आणून लावतात, तेच बरोबर आहे.

गणपतीसाठी दूर्वा लॉनमधून काढता येतील का?

लॉनमध्ये असतील तर. दूर्वा म्हणजे आपली हरळी, इथलं बर्म्युडाग्रास. टॉल फेस्क्यूच्या लॉनमध्ये ती तण समजली जाते. दक्षिण जर्सीत रस्त्याकडेच्या उन्हात ती सापडते, वर थंड भागात कमी. दूर्वा हव्यात म्हणून ती लॉनमध्ये मुद्दाम लावू नका, पुन्हा निघत नाही आणि ऑक्टोबरनंतर पिवळे डाग दिसतात. कुंडीत लावा, हिवाळ्यात आत घ्या. आणि कुठूनही काढल्यात तरी त्या जागी औषध मारलेलं नाही ना, हे बघून घ्या.

मुलांना लॉनवर क्रिकेट कधी खेळू द्यायचं?

नव्या गवतावर निदान तीन-चार कापण्या होईपर्यंत नाही, आणि शक्यतो पुढच्या मे महिन्यापर्यंत नाही. बर्फावर खेळायला हरकत नाही, पण दव गोठलेल्या सकाळी कोवळ्या गवतावरून चालू नका, पाऊल पडेल तिथे पात मोडून काळं पडतं. खेळायचं लॉन असेल तर टॉल फेस्क्यूत दहा टक्के ब्लूग्रास मिसळून घ्या. तरीही बॅट्समन उभा राहतो ती जागा आणि बोलरच्या धावेचा पट्टा उघडा पडणारच. स्टंप दर महिन्याला चार हात सरकवा, आणि तेवढ्या पट्ट्यापुरतं दोन पौंड बी दर सप्टेंबरसाठी बाजूला ठेवा, गराजमध्ये झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, उंदरांच्या हाती लागणार नाही असं.